तापतंय म्हंजे काम करतंय

नवऱ्याची अक्कल चारचौघांत उघडी पडते तेव्हा बायकोनं बघायचं कुठे, हे लग्नात कुणी शिकवत नाही. चंद्राच्या हळदीला मी माझ्या जोडव्यांकडे बघत बसले होते.

आमचे हे, म्हणजे मनोज, भिवंडीजवळच्या वडपे गावात एका गोदामाच्या ऑफिसात कम्प्युटरवर बसतात. एवढ्या भांडवलावर ते अख्ख्या भावकीचे इंजिनियर झाले. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, कुणाचा मोबाईल पाण्यात पडला, की बोलवा मनोजला. ही ख्याती पसरवली काळूरामकाकांनी. काका म्हणजे यांचे सख्खे चुलते. त्यांना एकच मुलगी, चंद्रा, म्हणून पुतण्यावर भारी जीव. ‘आमच्या मनोजला विचारा’ हे त्यांचं पालुपद. इतकं कौतुक झालं की माणसाला ‘मला माहीत नाही’ म्हणणं जड जातं. आमच्या यांना ते तीन शब्द कधी जमलेच नाहीत.

दोन हजार पाचमध्ये काका झोपेतच गेले. आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात चंद्राचं लग्न ठरलं. काकांच्या बायकोला सगळा गाव आक्का म्हणतो. आक्काची एकच इच्छा होती, हळदीच्या मांडवात काका दिसले पाहिजेत. चालते-बोलते काका फक्त भाविककडे होते. भाविक माझा चुलत दीर, भाड्याच्या कॅमेऱ्याने लग्नं शूट करायचा. कुणाच्या तरी हळदीत त्याने काकांना नाचताना टिपलं होतं. त्याला चंद्राचे लहानपणापासूनचे फोटो जोडून त्याने सिनेमा बनवायचा आणि मांडवात पडद्यावर दाखवायचा, असं ठरलं. भाविकचे वडील राघोकाका. त्यांनी पोराला बजावलं, “ही हळद नीट झाली तर कर तुझा धंदा. न्हाय तर गोदामाच्या गेटवर गाड्या मोजत बसायचं, परत कॅमेऱ्याचं नाव काढायचं न्हाय.”

सिनेमा जोडायला लॅपटॉप हवा. आणि लॅपटॉप घ्यायचा म्हणजे मनोजला विचारा.

कोन गावाच्या रस्त्याने आम्ही कल्याणला गेलो. मला चंद्रासाठी साड्या बघायच्या होत्या, म्हणून मीही सोबत. दुकानदाराने दोन लॅपटॉप समोर ठेवले. किंमत जवळजवळ सारखीच. एकाच्या प्रोसेसरचा आकडा तीन गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा एक पॉइंट सहा.

“साहेब, तीनचा आकडा बघून फसू नका,” दुकानदार म्हणाला. “हा टेबलावरच्या मोठ्या कम्प्युटरचा प्रोसेसर आहे, लॅपटॉपमध्ये कोंबलाय. फार तापतो, आणि तापला की आपोआप हळू होतो. याला ग्राफिक्स कार्डही वेगळं नाही, मेन मेमरीतलाच वाटा खातं. हा दुसरा लॅपटॉपसाठीच बनवलाय. थंड चालतो, ग्राफिक्स वेगळं आहे. व्हिडिओचं काम असेल तर त्याच पैशात हाच घ्या.”

भाविकचा हात दुसऱ्याकडे गेला. “दादा, हा बरा वाटतोय.”

“गप रं,” हे म्हणाले. सासऱ्यांचे भिवंडीत लूम होते, यांचं लहानपण त्या खडखडाटात गेलेलं. “जो लूम जोरात चालतो तो कापड जास्त काढतो. तीन कुठं आन् एक पॉइंट सहा कुठं! मशीन हाय, तापनारच. तापतंय म्हंजे काम करतंय. थंड राहतो तो आळशी.”

मी म्हटलं, “अहो, तो माणूस रोज हेच विकतो. ऐका तरी त्याचं.”

“तू साड्यांचं बघ.”

दुकानदाराने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तीनवाला खोक्यात भरला. गिऱ्हाईकाशी भांडून कुणाचं दुकान चाललंय?

चार दिवसांत घरातल्या बायकांनी त्या लॅपटॉपचं नाव अकलोली ठेवलं. वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथं पाय सोडून बसावं तशी ऊब त्याच्या जाळीतून यायची. मे महिन्यात ती ऊब कुणाला हवी होती? थोडा वेळ चालला की चित्र अडखळायचं, मग सगळंच थांबायचं. भाविक बिचारा पहाटेच्या गारव्यात उठून काम उरकायचा. त्याने एकदाच तक्रार केली. “तापतंय म्हंजे काम करतंय,” यांनी ऐकवलं, आणि विषय संपला.

हळदीच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला. “दादा, सीडी काढून प्लेयरवर लावू का? याचा भरवसा न्हाय.”

“सीडी काय, पानवाल्याकडं पण हाय. लोकांना लॅपटॉप दिसला पायजे.”

हळदीला दिवेलागणीलाच लाइट गेली. बेंजो पार्टीचे स्पीकर, मांडवातले दिवे आणि प्रोजेक्टर जनरेटरवर होते. पंखे लावले की जनरेटर खोकायला लागायचा, म्हणून पंखे बंद. पडद्याला लूमवरचं कोरं कापड ताणून बांधलं होतं. यांनी लॅपटॉपला मानाचं आसन केलं: पाटावर मखमली उशी, उशीवर लॅपटॉप, वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार. भाविक म्हणायला गेला, “दादा, खालून हवा...” पण यांनी तोवर माईक हातात घेतला होता.

चंद्राचे फोटो सरकले. फ्रॉकमधली चंद्रा, दोन वेण्यांतली चंद्रा. मग बेंजो वाजला आणि पडद्यावर काका आले. टोपी तिरकी, दोन्ही हात वर. आक्का खुर्चीतून उठली. आणि पडदा काळा झाला.

आक्का उभीच होती. “आरं, आता तर आले होते,” ती म्हणाली.

राघोकाका उठले. “भाविक, काय रं ह्ये?”

भाविकने तोंड उघडलं, पण माईक यांच्या हातात होता. “मंडळी, मशीन एक नंबर हाय, मी सोता निवडलंय,” हे सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. “पोराला चालवता येत न्हाय, त्याला मी काय करनार?”

लोक हसले. राघोकाका म्हणाले, “उद्यापासून गेटवर.” भाविकने मान खाली घातली. भरल्या मांडवात थोरल्या भावाला खोटं कोण पाडणार?

तेव्हा मी जोडव्यांकडे बघत होते. यांच्या फुशारक्यांची मला सवय आहे, त्या मी हसण्यावारी नेते. पण स्वतःची चूक एका गरीब पोराच्या डोक्यावर ठेवणारा माणूस माझा नवरा आहे, याची मला इतकी लाज वाटली की पदर तोंडावर ओढून घरी पळून जावं. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं तर मी काय तोंड दाखवू, असं झालं. मग त्या लाजेचा राग झाला.

धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी धोंडूबाई जिभेची तिखट. “मनोज, तू हुशार मानूस. मंग कर की चालू.”

यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही.

“तापून बंद पडलाय, वैनी,” भाविक माझ्या कानाशी म्हणाला. “जरा गार झाला तर चालू होईल. पन मंग वारा सारखा पायजे.”

मी उठले. हार काढला, उशी फेकली, चुलीजवळच्या दोन विटा आणून लॅपटॉप त्यांवर अधांतरी ठेवला. सुपातले तांदूळ परातीत ओतले आणि सूप यांच्या हातात दिलं.

“घाला वारा.”

“मी?”

“निवडलंय कुणी?”

बायका पदराआड हसत होत्या. हे विटांपाशी बसून सुपाने वारा घालायला लागले, आणि कानापर्यंत लाल झाले. बऱ्याच वेळाने लॅपटॉप सुरू झाला. भाविकने सिनेमा थेट काकांपासून लावला.

काका नाचले. आक्काने पदर डोळ्यांना लावला. नाचता नाचता काका अगदी कॅमेऱ्यासमोर आले, घामाने निथळलेला चेहरा पडदाभर झाला. “भाविक, भाड्याचा कॅमेरा किती दिस वापरनार रं?” ते हसत म्हणाले. “सोताचा घे. कम्प्युटर घे. अडलास तर आमच्या मनोजला विचार.” मांडवात टाळ्या पडल्या. काकांचं बोलणं संपलं नव्हतं. “आन् त्याला म्हाईत नसलं ना, तर सरळ सांगंल न्हाय म्हाईत म्हनून. माझा पोर खोटा न्हाय बोलनार.”

काकांचा एक शब्दही कापू नको, असं आक्काने भाविकला सांगितलं होतं. त्याने कापला नव्हता.

सूप थांबलं. मी यांच्याकडे बघितलं. असा चेहरा मी लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. मार खाल्लेल्या पोराचा असतो तसा.

“सूप माझ्याकडं द्या,” मी म्हटलं, “आणि माईक घ्या.”

“विनिता, आता नको. घरी बोलू.”

“खोटं घरी बोललात का?”

त्यांनी सूप दिलं, मी वारा घालायला लागले. पडद्यावर काका पुन्हा नाचायला लागले होते. हे माईक घेऊन उभे राहिले.

“राघोकाका,” ते म्हणाले. “पोराची चूक न्हाय. दुकानदारानं दुसरा लॅपटॉप सांगितला होता, भाविकला पन तोच पायजे होता. सीडी काढू बोलला, ते पन मीच ऐकलं न्हाय. मी... मला त्यातलं काय न्हाय म्हाईत.”

कुणी हसलं नाही. राघोकाका खाली बसले. आक्काने मागे वळूनही बघितलं नाही, ती काकांनाच बघत होती. यांचे डोळे भरून आले होते आणि माईक अजून तोंडासमोर तसाच होता. माझा राग कुठे गेला कळलं नाही. लाज होती, पण आता ती दोघांची होती, आणि मी खाली न बघता त्यांच्याकडेच बघत राहिले. हात कधी थांबला ते ध्यानातही आलं नाही.

“वैनी,” भाविक म्हणाला, “सूप!”