सातवी आकृती

आमच्या बंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या ऑफिसनं मानसिक आरोग्य सप्ताह काढला आणि सगळ्यांची तपासणी सक्तीची केली. मी बेळगावची महानंदा, अंगानं चांगली भरलेली. समुपदेशक ईरा मॅडमनी पुढ्यात एक कागद ठेवला. त्यावर नऊ बायकांच्या आकृत्या होत्या, काडीपासून कणगीपर्यंत.

"तुम्ही यातल्या कुठल्या?"

"सातवी."

"आणि कुठली व्हायला आवडेल?"

"सातवीच की."

मॅडमनी माझ्याकडे माझ्या घरात कुणी वारल्यासारखं बघितलं. दोन्ही उत्तरं सारखी आली तर बाई स्वतःशी खोटं बोलतेय, असं त्यांचं शास्त्र होतं. नातेवाईक शरीरावरून बोलतात का, हेही विचारलं. मी सांगितलं, "यल्लव्वा मावशी दर सुट्टीला ओरडते, वाळलीस गं, खात नाहीस काय?" मॅडमनी लगेच लिहून घेतलं: बालपणीचा आघात.

मग सहा आठवडे उपचार. रोज दहा मिनिटं आरशासमोर उभं राहायचं आणि मनात येईल ते वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात मी लिहिलं, "आरसा पुसायला हवा." तिसऱ्यात दंड जाड दिसायला लागले. पाचव्यात माझं जेवण निम्म्यावर आलं.

शेवटी पुन्हा तोच कागद. "आहे सातवी, व्हायचंय तिसरी," मी म्हटलं. मॅडमचे डोळे भरून आले. अहवालात शेरा पडला: लक्षणीय सुधारणा.

दिवाळीला गावी गेले. मावशी दारातच किंचाळली, "अगं बाई, किती वाळलीस गं!"

मी लाजून म्हटलं, "थँक्यू, मावशी."