विनुताच्या चिंचोक्यांचा आवाज

नोंद ४१. विनुताने आज माझा खेळ चोरला.

नोंद ४१, दुरुस्त. चोरला नाही, घेतला. कुणीही घ्या, बदला, वाटा, असं परवान्यात मीच लिहून ठेवलंय.

म्हणजे झालं असं. मी सुप्रभा, तंजावरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते आणि उरलेल्या वेळात लिनक्ससाठी छोटे खेळ लिहिते. नव्या मशीनवर कुणीही लिहील. माझे खेळ दोन जीबी मेमरीच्या, बिजागरी तुटलेल्या लॅपटॉपवर चालतात. त्यातला पल्लांगुळी मला सगळ्यात जवळचा. चौदा खळगे, त्यात चिंचोके वाटत जायचे. खळग्यात चार जमले की ती गाय, आणि ज्याचा खळगा त्याची गाय. नियम सासूबाईंकडून शिकले, दोन उन्हाळे त्यांच्यासमोर मांडी घालून.

विनुता माझी नणंद. ती कधी मांडी घालून बसली नाही.

खेळात काही बदललं की काय बदललं याची नोंद करावी लागते. ती नेटवर कुणालाही दिसते. मी आमच्या घरच्या मराठीत लिहिते, इंग्रजी अक्षरांत. आम्हा तंजावरच्या मराठ्यांत देवनागरी येते कुणाला? आणि आमची मराठी बाहेर समजते कुणाला? फिनलंडच्या एकानं एकदा विचारलं, ही कोणती भाषा. मी लिहिलं, आमची. त्यामुळे नोंदींत मी हळूहळू काहीही लिहायला लागले.

नोंद ४३. तिने पट पितळी रंगाचा केला. शोभतो.

नोंद ४४. "शोभतो" काढून टाकले.

नोंद ४५. तिचा खेळ दोनशे बारा जणांनी उतरवून घेतला. माझा चौदा जणांनी. त्या चौदांत तीनदा मीच.

मग एका दुपारी सासूबाई, कनकलता त्यांचं नाव, झोपाळ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या. टक्, टक्, टक्.

"आत्याबाई, कुणाचा खेळताय?"

"विनुचा. चिंचोका पडला की वाजतो बघ. तुझ्यात मुक्याशी खेळल्यागत होतं."

"माझ्यात पण होता आवाज."

"मग कुठं गेला? माहेरी?"

स्वतःच्या विनोदावर त्या इतक्या हसल्या की झोपाळा हलला आणि त्यांची एक गाय हुकली. हुकू दे, म्हटलं मनात.

आवाज कुठं गेला ते मला ठाऊक होतं. मीच घालवला होता.

नोंद ४८. आवाज बंद. अकराव्या डावाला मशीन गारठते. ओळ माझीच: दर चिंचोक्याला आवाजाची फाईल नव्याने उघडते, मिटत नाही, मेमरी भरत जाते. विनुताकडेही हीच ओळ गेलीय. तिच्या नव्या मशीनला कळणारसुद्धा नाही. सांगणार नाही. शनिवारी सगळ्यांसमोर अडकू दे.

लिहिलं आणि नेटवर चढवलं. ती कशाला येते माझ्याकडं बघायला? दोनशे बारावाली.

शनिवारी

तिरुवैयारुची शाळा. संगणक शिकवणारे कल्याणराम सर. तीस जुने लॅपटॉप. त्यांना एकच खेळ ठेवायचा होता. "दोन ठेवले तर पोरी खेळायच्या सोडून भांडतात," ते तमिळमध्ये म्हणाले. म्हणजे तीस मशीनवर एकतर मी, नाहीतर ती.

त्यातले दोन लॅपटॉप, आठ मुली. माझ्याकडच्या चौघी तिसऱ्या डावातच मान वळवून तिकडच्या टक्-टक् कडे बघायला लागल्या. मी डाव मोजत होते. तिचे. सात. आठ. सर हसून विनुताला काहीतरी म्हणाले. नऊ. माझ्यातली एक पोर उठून तिकडं गेली. दहा. दुसरी गेली.

अकरा.

पडदा थिजला. बाण हलेना. मुलींनी "अय्यो" केलं, आणि मला

(इथे काय वाटलं ते लिहीत नाही.)

"एक मिनिट सर," विनुता म्हणाली. "मूळ वैनींचं आहे. त्यांनी पुढं काही दुरुस्त केलं असेल, बघते."

तिने आपल्या मशीनवर माझ्या नोंदी उघडल्या. ४८ सगळ्यात वर.

विनुता घरात आईला तमिळमध्ये उत्तर देते. सहा वर्षांत तिच्या तोंडून मी मराठीचं एक अख्खं वाक्य ऐकलं नव्हतं. पण ऐकून ऐकून तिला सगळं कळतं, आणि इंग्रजी अक्षरं तर कुणालाही येतात. मी फिनलंडपासून लपवलं होतं. शेजारच्या खोलीपासून नाही.

तिचे ओठ हलत होते. "सांगणार... नाही. शनिवारी... सगळ्यांसमोर..." मग खाली गेली. ४५. ४४. शोभतो, काढून टाकले. ती खूप वेळ तिथेच थांबली.

"काय लिहिलंय?" सरांनी विचारलं. "ही कुठली भाषा?"

विनुताने माझ्याकडे पाहिलं. मग सरांना तमिळमध्ये म्हणाली, "आवाजाच्या ओळीत चूक आहे, एवढंच. वैनी मला सांगणारच होत्या."

आता हेही तिचंच. रंग तिचे, आवाज तिचा, सासूबाई तिच्या, आणि वर मोठं मनही तिचं. माझ्याकडे माझा वाईटपणा तेवढा राहिला होता, तोही ती झाकून घेऊन चालली होती.

"नाही सर," मी म्हणाले. "असं लिहिलेलं नाही." आणि नोंद ४८ शब्दन् शब्द तमिळमध्ये सांगितली. "अडकू दे"सुद्धा.

मुलींपैकी एक खुदकन हसली, दुसरीने तिला चिमटा काढला.

"वैनी," विनुता म्हणाली. मराठीत, अडखळत. "कशाला सांगितलीस? मी निभावलं होतं की."

"म्हणूनच."

कल्याणराम सरांनी चष्मा पुसला. "तुमच्या घरातलं तुम्ही बघा. पोरींना आवाजवाला हवाय, तो ठेवणार. पण अडकता कामा नये. एक वाजता मी खोलीला कुलूप लावतो." घड्याळात बारा वीस झाले होते. ते पोरींना घेऊन जेवायला गेले.

ओळ माझी होती. खेळ तिचा होता. ती तिच्या मशीनसमोरची खुर्ची ओढायला वाकली, आणि तिच्याआधी मी त्या खुर्चीत बसले.