फोटोत चमक चालत नाही

मी चमकी बोलतेय, मालकिणीच्या नाकातली. जागाच अशी मिळाली आहे की थोडा तोरा असणारच, सांभाळून घ्या.

सोनाराने मला घडवलं, वर पांढरा खडा बसवला, आत पक्की फिरकी दिली. मालकीण लॉन्ड्रीत कामाला लागली, तेव्हा तिच्या आईने मला तिच्या नाकात घातलं. तेव्हापासून मी तिथेच. ओल्या चादरींची गाठोडी ती एकटी उचलायची. एकदा शेजारच्या व्यायामशाळेतल्या कोचबाईंनी ते पाहिलं आणि तिला वजनं उचलायला बोलावलं. पन्नाशीत! गल्लीने नाकं मुरडली, 'पैलवानीण' म्हणून चिडवलं. ती मात्र एकेक स्पर्धा मारत गेली आणि तिची थेट परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झाली.

पासपोर्ट महिन्याभरात हवा होता, नाहीतर तिच्या जागी दुसरी जाणार होती.

फोटो स्टुडिओवाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही काढा. फोटोत चमक चालत नाही."

माझं नावच चमकी. मला किती झोंबलं असेल, विचार करा.

मालकीण नाकासमोर चालणारी. लगेच काढायला बसली, पण फिरकी हलेना. तेल झालं, साबण झाला. नवरा प्लंबर, जन्मभर गंजलेले नळ सोडवलेला माणूस. तो पक्कड घेऊन आला. त्या दिवशी माझ्या फिरकीने सगळ्यांचीच फिरकी घेतली. मी जागची हलले नाही, मालकिणीचं नाक मात्र टोमॅटोसारखं सुजलं.

नवरा वरमून म्हणाला, आता सोनाराकडून कापूनच घेऊ. मालकीण रडत होती. तिचं जाणं माझ्यापायी अडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी ऑफिसात विचारते," ती डोळे पुसत म्हणाली. "नाही म्हणाले तर कापा."

सूज उतरल्यावर आम्ही पासपोर्ट ऑफिसात गेलो. कॅमेऱ्यामागच्या बाई हसल्याच. "काढायला कोणी सांगितलं? दागिना चालतो. चेहरा झाकला नाही म्हणजे झालं."

मी खूश! पण फोटो काढला तर नाकावर भला मोठा पांढरा ठिपका. दुसरा काढला, तोच ठिपका. स्टुडिओवाला अगदीच खोटं बोलत नव्हता तर. मागची रांग कुरकुरायला लागली. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

मालकिणीने पिशवीत हात घातला. दांडा हातातून निसटू नये म्हणून चोळायची खडूची पूड तिच्याकडे कायम असते. चिमूटभर घेऊन तिने माझ्या तोंडाला फासली. खुशाल फास, म्हटलं. बाईंनी बटण दाबलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं काम."

पासपोर्ट वेळेत आला. आम्ही गेलो.

मंचावर मालकिणीने दांड्याला हात घातला आणि श्वास रोखला. नाकातला वारा थांबला, तसा माझाही जीव टांगणीला लागला. वजन वर गेलं, डोक्याच्याही वर, आणि तिथे थांबलं. मग तिने असा श्वास सोडला की मी गरम झाले. सभागृह उठून उभं राहिलं.

गळ्यात पदक आलं. मी सोन्याची, मला सोनं कळतं. तो नुसता मुलामा आहे. पण मालकिणीने ते उचलून ओठांना लावलं, तेव्हा अगदी माझ्यापाशी आलं, आणि मी आपण होऊन त्याला म्हणाले, "या, थोरले."