नशिराबादच्या अलीकडे

गाडी बंद पडावी, एवढीच माझी इच्छा होती.

मे महिन्याची दुपार, धुळ्याहून पारोळ्याकडे जाणारा हमरस्ता, आणि शेजारी बसलेले पंडितभाऊ मिस्त्री डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते. काल याच वेळी आम्ही मुकटीपर्यंत जाऊन आलो होतो, परवाही. दोन्ही दिवस गाडी निमूट चालली, आणि तिचं ते निमूट चालणं मला असह्य झालं होतं.

गाडी माझ्या वडिलांची. आबा वरणगावच्या आयुध कारखान्यात छत्तीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जुनीच विकत घेतली आणि जपली. गेल्या मेमध्ये, अशाच उन्हात, आईच्या छातीत कळ आली. आबांनी तिला मागच्या सीटवर निजवलं आणि जळगावची वाट धरली. नशिराबादच्या अलीकडे गाडी बंद पडली. चाळीस मिनिटं ती काही केल्या चालू होईना. रुग्णवाहिका पोचली तेव्हा आई गेलेली होती.

मी धुळ्याहून आलो तोवर संध्याकाळ झाली होती. रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी आणायला मीच गेलो. चावी फिरवली, आणि ती पहिल्या झटक्यात सुरू झाली.

नंतर भुसावळच्या दोघा मिस्त्रींनी आणि जळगावच्या एकाने ती तपासली. कुणालाही काही सापडलं नाही. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींनी पंचशील दिलं, पंगती बसू लागल्या, आणि नात्यातल्या कुणीतरी विचारलं, गाडीला नेमकं झालं काय होतं? आबा समोरच वाढत होते. मी म्हणालो, "गाडीला काहीच झालं नव्हतं. आबा घरूनच उशिरा निघाले."

आबांनी हातातला डाव पातेल्यात ठेवला आणि ते आत गेले. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. दुःखाला कुणीतरी आरोपी लागतो, आणि घरात आम्ही दोघेच उरलो होतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या मगनकाकांचा फोन आला. म्हणाले, "प्रशील, तुझे आबा रोज सकाळी गाडीत बसतात. चावी फिरवतात, गाडी चालू होते, ते बंद करतात. मग तिथंच डोकं टेकवून बसून राहतात." त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, की खोटं बोलणारा माणूस यंत्रापाशी रोज अशी साक्ष मागायला जाणार नाही. मी वरणगावला जाऊन गाडी धुळ्याला घेऊन आलो. आबांनी चावी काढून ओट्यावर ठेवली, हातात दिली नाही.

पंडितभाऊंकडे जुन्या गाड्यांची रीघ असते. त्यांची रीत एकच. रोग समोर आल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही.

"बठ्ठा पार्ट बदली टाका ना, भाऊ," सगळेच पार्ट बदलायला मी पहिल्या दिवशी त्यांच्याच अहिराणीत सांगून पाहिलं.

"सर, तुम्ही कालेजमा शिकाडतस ना? पोरगं नापास व्हयनं म्हनीसन बठ्ठा वर्ग बदलतस का?" त्यांनी बोनेट खाली आपटलं. "तिले बंद पडू द्या. मंग तीच सांगी."

तर तिसऱ्या दिवशी, फागणं गाव मागे टाकल्यावर, चढावर मी पाय दाबला आणि इंजिन एक उचकी देऊन थांबलं. आवाज गेला, नुसती चाकं फिरत राहिली. मी गाडी एका बाभळीपाशी कडेला घेतली. चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिन उठलं नाही. पुन्हा फिरवली. नाही.

"सर," पंडितभाऊ माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "गाडी बंद पडनी आनि तुम्ही हासतस?"

मी हसत होतो. डोळ्यांतून पाणीही येत होतं, ते घामात खपून गेलं.

त्यांनी ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची जाड वायर काढून लोखंडाजवळ धरली आणि मला चावी फिरवायला सांगितलं. ठिणगी नाही. मग तपासणीचा छोटा दिवा कॉइलच्या बारीक वायरीला लावला. इंजिन फिरताना तो दिवा लुकलुकायला हवा, हे त्यांनी समजावलं होतं. लुकलुकला तर आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पट्ट्या, उघडझाप करताहेत. दिवा लुकलुकला नाही. एकसारखा जळत राहिला.

"कॉइल चांगली शे. रोग आठे शे." त्यांनी डेल्कोचं झाकण उघडलं. ठिणगी वाटून देणाऱ्या त्या डब्याला मिस्त्री लोक डेल्को म्हणतात. आत पॉइंटकडे जाणारी बोटभर लांबीची एक मऊ तार असते. इंजिनावर भार आला की खालची चकती किंचित वळते आणि तिच्यासोबत ही तारही वाकते. पंडितभाऊंनी आगकाडीच्या टोकानं ती हलकेच दाबली. दिवा विझला, म्हणजे तार जुळली. काडी उचलली, दिवा लागला.

"वरथून साजरी, मझारथून तुटेल," ते म्हणाले. "तापनी का टोकं दूर व्हतस. थंडी व्हयनी का परत चिटकतस. म्हनीसन कोन्हाले सापडनी नही."

म्हणजे आबा खरं बोलत होते. चाळीस मिनिटं म्हणजे ही तार निवायला लागणारी चाळीस मिनिटं. मला त्याच क्षणी वरणगावला निघावंसं वाटलं.

पंडितभाऊंनी तार सोडवली, पातीनं तिचं कवच चिरलं आणि उन्हात धरली. "कोन्ही तरी डाग दियेल शे. हात भारी साफ शे त्यान्हा. पन आठे डाग नको व्हता. डाग दिधा का तार कडक व्हस, आनि जठे डाग संपस तठेच तुटस."

तांब्याच्या धाग्यांत डागाचं कथील अखेरपर्यंत मुरवलेलं होतं. जोडावर मेण लावलेल्या हिरव्या दोऱ्याचे सहा वेढे होते, एकाला एक चिकटून. आमच्या घरातल्या इस्त्रीच्या वायरीवर ते वेढे होते. रेडिओवर होते. आईच्या मिक्सरवरही होते.

पंडितभाऊ नवी तार बसवत होते. मी बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभा राहिलो. माझ्या वडिलांचं खरेपण आणि त्यांच्या हातची चूक माझ्याकडे एकाच तारेतून आली होती. एक त्यांना द्यायचं, तर दुसरं लपवणं भाग होतं.

रविवारी सकाळी मी वरणगावला गेलो. आबा दाराशी खुर्चीत बसले होते. मी उभ्यानंच म्हणालो, "आबा, गाडी बंद पडत होती. माझ्यासमोर पडली. तुम्ही खरं सांगत होता. मी चुकलो."

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग वर्षानंतरचं त्यांचं पहिलं वाक्य आलं.

"काय निघालं?"

"कॉइल," मी म्हणालो. धुळ्यापासून घोकत आणलेलं वाक्य पुढे केलं, "तापली की ठिणगी सोडायची, निवली की धरायची."

"तारेचं तं नव्हतं ना काही?"

"नाही."

"डेल्कोच्या आतली. गेल्या सालच्या होळीच्या वक्ती मीच जोडली होती." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "मले वर्षभर वाटे, तीच असंन."

"तार शाबूत होती, आबा. पंडितभाऊ मिस्त्रींनी डोळ्यांनी पाहिली."

त्यांनी मोठा श्वास सोडला. क्षणभर मला वाटलं, मी त्यांना सोडवून आणलं.

"कॉइल," ते स्वतःशी म्हणाले. "बोनेट उघडलं तवा माहा हात लागला होता तिले. चटका बसला." मग ते माझ्याकडे वळले. "ओलं फडकं टाकलं असतं तं दोन मिनिटात निवली असती रे, प्रशील. तुही माय पान्याची बाटली उशाशी घेऊन निजेल होती. भरेल बाटली."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण कॉइलचं नाव मीच घेतलं होतं.