कोंबडीत आलेल्या सासूबाई

शिंपीणबाईंच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. पाववाला पिठाच्या हातांनीच धावत आला होता, न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोबत घेऊन आला होता, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ते भिंतीवर चढून बसले होते. सगळ्यांचे डोळे एका तांबड्या कोंबडीवर खिळले होते. कोंबडी माणसासारखी ताठ उभी होती. छाती वर, शेपूट खाली, पाय फाकलेले. दोन पावलं डुलत चालायची, डोळे मिटून थांबायची आणि पुन्हा डुलायची.

"हुबेहूब म्हातारी," पाववाला म्हणाला. "कमरेवर हात तेवढा राहिलाय."

गेल्या वर्षी वारलेल्या त्यांच्या सासूबाई अगदी अशाच चालायच्या, हे शिंपीणबाईंनाही नाकारता येईना. त्यांचे यजमान घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या चाकातली खोट शोधणारा माणूस, पण काल या कोंबडीला पाहून त्यांच्या तोंडून "आई" अशी हाक निघाली, आणि बातमीला पाय फुटले.

बाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. कोंबडीचं नाव फौजदारीण. शिलाईयंत्राखाली तिचं ठाणं, आणि पायाला चोच मारल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला आत येऊ द्यायची नाही. तीच कालपासून दाण्याकडे बघत नव्हती. तुरा फिका पडला होता. खुराड्यात जाऊन बसायची, जोर करायची आणि अंडं न घालताच बाहेर यायची. बाईंनी कालच दवाखान्याचं नाव काढलं होतं. त्यावर घड्याळजी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले होते, "अगं, आईला गुरांच्या दवाखान्यात नेऊ?"

म्हणून मग रेघ ओढून आत्मे बांधणारे रेषाबाबा आले होते. त्यांनी कोंबडीभोवती एक फेरी मारली, नाकातून दीर्घ श्वास सोडला आणि सांगितलं की आत्मा नाराज आहे, घरातल्याच कुणाचं तरी बोलणं त्याच्या जिव्हारी लागलंय. सगळ्यांनी वळून सुनेकडे पाहिलं. हे ओळखायला बाबांना फारसं तप करावं लागलं नसावं.

मग त्यांनी कोंबडीला धरून जमिनीवर दाबलं, मान आडवी टेकवली आणि चोचीपासून पुढे कोळशाने एक लांब रेघ ओढली. हळूच हात काढले. कोंबडी डोळे उघडे ठेवून तशीच पडून राहिली. भिंतीवरचे पुढे वाकले. बाबांनी टाळी वाजवली तशी ती धडपडत उठली.

"आत्मा रेषेला बांधला," बाबा म्हणाले. "आता तीन दिवस दाणा नाही, पाणी नाही. आणि आत्म्याला सोबत लागेल. तुमचा तो तरणा कोंबडा माझ्याकडे राहील."

कोंबडा आणायला बाई दुकानामागे गेल्या. जन्मभर त्यांनी कापडावर खडूने रेघा मारल्या होत्या. नुसत्या रेघेने काही होत असतं, तर कात्री कशाला लागली असती? आणि त्यांचं लक्ष रेघेकडे नव्हतंच, बाबांच्या हातांकडे होतं. बाईंनी कोंबड्याला धरलं, तसंच दाबलं, मान टेकवली, खडूने रेघ मारली. कोंबडा गपगार. उठवून पुन्हा दाबलं, या वेळी रेघ न मारता. तरीही गपगार.

बाई परसात आल्या आणि सगळ्यांसमोर कोंबड्याला आडवं करून खडूची रेघ ओढली. कोंबडा ओंडक्यासारखा पडला.

"बाबा, माझी सासू कोंबडीत आली म्हणता," त्यांनी विचारलं, "मग यात कोण आलंय? मामंजी?"

मग बाईंनीच उत्तर दिलं, "मामंजी नसावेत. ते जन्मात एवढा वेळ गप्प राहिले नव्हते."

अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आधी हसलं, मग भिंत हसली. बाबांनी घाईघाईने सांगितलं की आपलीच शक्ती बाईंच्या हातात उतरली आहे. त्यावर बाईंनी रेघ पुसून टाकली आणि बिनरेघेचा तोच चमत्कार करून दाखवला. बाबांना तेवढ्यात दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

घड्याळजी मात्र हसत नव्हते. "पण चाल आईचीच आहे गं," ते हळू आवाजात म्हणाले.

"बरं, आईच आहेत असं धरू," बाई म्हणाल्या. "अहो, आई अशा अन्नपाणी सोडून कळा देत उभ्या असत्या, तर तुम्ही त्यांना तीन दिवस उपाशी ठेवलं असतं?"

घड्याळजींनी स्वतःच कोंबडीला उचललं.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि निदान केलं, अंडं अडकलंय. म्हणून ती ताठ उभी राहते आणि डुलत चालते. अशी कोंबडी दिवस-दोन दिवसांत दगावते, आणि पाणी तोडलं तर त्याहून लवकर. त्यांनी कोंबडीला पोटापर्यंत कोमट पाण्यात बसवलं, औषध पाजलं, मागे तेल लावलं. अंडं आत फुटलं तर जिवावर बेतेल, म्हणून पोट दाबू नका, असंही बजावलं. मग तिला अंधाऱ्या टोपलीत उबेला ठेवलं. जमिनीवर दाबलं की कोंबडीला वाटतं, आपण शिकाऱ्याच्या तावडीत सापडलो, आणि भीतीने ती मेल्यासारखी पडून राहते, हेही सांगितलं. त्यात रेघेचा काही संबंध नसतो.

घड्याळजी टोपलीपाशी बसून राहिले. बऱ्याच वेळाने आत खुडबुड झाली. त्यांनी हात घातला, तर हाताला एक मोठं, खरबरीत अंडं लागलं, आणि लगेच अंगठ्यावर सणसणीत चोच बसली. फौजदारीण कामावर रुजू झाली होती.

अंगठा चोळत त्यांनी अंडं बाईंच्या हातात ठेवलं. मग म्हणाले, "आईचीही कंबर दुखत होती ना? आपण सगळे म्हणायचो, म्हातारीची चालच तशी."

बाईंना खोटं बोलवेना. "दुखत होती," त्या म्हणाल्या. "आपण विचारलंच नाही."

म्हणून सांगणं एवढंच. कोंबडी असो की माणूस, कुणी वेगळं चालू लागलं तर हात जोडण्याआधी जवळ जाऊन बघा. खातंय का, पितंय का, दुखतंय कुठे, हे विचारा. आणि उत्तर समजलं नाही तर दवाखाना गाठा. हे सगळं रेषाबाबाला कळणार नाही, कारण त्याचं लक्ष कोंबड्यावर असतं.