मखमलीची धूळ

त्या रविवारी सकाळी नानांनी फ्रिजमधून इंजेक्शन काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर पोळ्यांची टोपली पालथी घातली. औषधाचा गारवा गेल्याशिवाय टोचायचं नाही, असं नर्सने सांगितलं होतं. टोपलीचं कोणी सांगितलं नव्हतं.

"कावळा उचलून नेईल," नाना म्हणाले.

आम्ही बापलेक लालबागला अठराव्या मजल्यावर राहत होतो आणि सगळ्या खिडक्यांना जाळ्या होत्या.

तोवर त्यांनी चहा केला, पेपर वाचला, पेपरातल्या एका मंत्र्याला मालवणीत दोन शब्द ऐकवले. मग साबणाने हात धुऊन शिवणाचा चष्मा लावला.

"आज कुठला हात?"

"मागच्या वेळी डावा होता."

"मग उजवा दे. दोघांना सारखं वागवायला हवं."

दंडाची कातडी चिमटीत धरायची, सुई थोडी तिरकी घालायची, दट्ट्या सावकाश दाबायचा. दवाखान्यात पहिल्यांदा हे करताना नर्सने त्यांना विचारलं होतं, "काका, याआधी कोणाला टोचलंय का?" नाना म्हणाले होते, "माणसाला नाही."

"दुखला काय गो?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"खरंच नाही, नाना."

"बरोबर. माझा टाका कापडाला कळत नाही, तुला काय कळणार." त्यांनी माझा हात उलटा करून कोपराची आतली बाजू उजेडात धरली. लहानपणापासून तिथे कातडी भेगाळलेली, लाल, कधी ओली असायची. आता तिथे फक्त थोडा गडद रंग उरला होता. नाना त्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "सॅटिन झालंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शेजारच्या दुकानदाराला वाटलं, डुलकी लागली असेल. म्हणून त्या रविवारचं सगळं लक्षात राहिलं आहे. एरवी त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं.

नानांची फणसवाडीत ड्रेपरी होती. नाटकाचे, नमन-खेळ्यांचे, शाळांच्या गॅदरिंगचे पोशाख भाड्याने देण्याचं दुकान. राजाचे मखमली अंगरखे, मावळ्यांची बाराबंदी, परीचे पंख, कोळणींची लुगडी, आणि एक वाघ, ज्याची शेपटी दर वर्षी कोणीतरी उपटायचं. जरीचे आणि मखमलीचे कपडे धूत नाहीत. ते उलटे करून झटकतात, उन्हात घालतात, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवतात. त्यामुळे दुकानात शिरलं की धूळ, पावडर, घाम आणि पाला यांचा मिळून एक वास येई. मी तो पायरीवरून घेतला आहे. आत जायची मला बंदी होती.

मी पाच-सहा वर्षांची असताना एका डॉक्टरांनी सांगितलं, हिला धुळीची ॲलर्जी आहे, त्यातून हा एक्झिमा. नानांनी धूळ हा शब्द ऐकला आणि गुन्हेगार कोण ते स्वतःच ठरवलं. त्या दिवसापासून त्यांनी दुकान आणि मी यांच्यामध्ये भिंत घातली. चाळीत होतो तेव्हा घरात शिरण्याआधी ते बाहेरच्या मोरीत थंड पाण्याने अंघोळ करायचे, दुकानातले कपडे गॅलरीत टांगायचे. चाळ पाडून टॉवर झाला तरी सवय गेली नाही. लिफ्टमधून बाहेर आले की दाराबाहेरच शर्ट काढायचे. समोरच्या कमलाबाईंनी एकदा तोंडावर सांगितलं, "नाना, इकडे लेडीज येतात-जातात हो."

"डोळे मिटा, कमलाबाई. मी पण मिटतो."

माझा धाकटा भाऊ विनीत सुट्टीत त्यांच्याबरोबर दुकानात जायचा आणि वैतागून परत यायचा. त्याला पोशाखांचा कंटाळा होता. मला नव्हता. मी पायरीवर उभी राहून बघायचे: नाना गुडघ्यावर फेटा बांधत, पदर सोडत, पुन्हा बांधत. मी घरी आले की शाळेच्या पांढऱ्या ओढणीचा फेटा माझ्या गुडघ्यावर बांधायचे. हे दुकान मला हवं होतं. त्यांच्या नजरेतून मात्र ते माझं अंग पेटवणारं दुकान होतं आणि ते स्वतः ती आग दररोज अंगावर घेऊन घरी येणारे. मला तिथे यायचंय, असं म्हटलं असतं तर ते हसले असते आणि रात्री झोपले नसते. म्हणून मी म्हटलं नाही. शिकले, एका प्रकाशनसंस्थेत संपादनाला लागले, नानांनी ते साऱ्या फणसवाडीत सांगितलं.

मलमं झाली, गोळ्या झाल्या. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा सुजायचा आणि बंद केल्या की सगळं दुपटीने परत यायचं. मग परळला त्वचेच्या डॉक्टर नूपुर सामंत भेटल्या. नानाही बरोबर होते. सामंतांनी तपासण्यांचे कागद बघितले आणि म्हणाल्या, "धूळ म्हणजे नुसती माती नाही. धुळीत माइट नावाचे जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. आपली गळून पडलेली कातडी खातात, दमट हवा त्यांना आवडते. हिला त्यांचा त्रास आहे."

"माझं दुकान," नाना म्हणाले.

"दुकान असेल. पण ही झोपते कशावर?"

"कापसाच्या गादीवर. हिच्या आईने भरून घेतलेली. उशी मी शिवलीय."

"किती जुनी?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिची म्हणून ती गादी आम्ही जपली होती, रोज मऊ चादरीने झाकत होतो.

"दुकान निर्दोष आहे असं नाही म्हणत मी," सामंत म्हणाल्या. "पण ही दुकानात जातच नाही ना? गादीवर मात्र रात्रभर असते. उशीवर तर गाल ठेवून."

मग त्यांनी इंजेक्शनचं सांगितलं. आधीच्या गोळ्या म्हणजे सगळ्या चाळीची लाइट घालवणं. हे म्हणजे एकाच खोलीचा फ्यूज काढणं. शरीरात सूज आणि खाज यांचे निरोप नेणारे काही ठरावीक रेणू असतात, तेवढ्यांचाच रस्ता अडवायचा, बाकी प्रतिकारशक्ती चालू. दर पंधरवड्याला टोचायचं. रोग मुळातून जात नाही, औषध थांबलं तर तो परत येऊ शकतो. काहींचे डोळे लाल होतात. माझे झाले, थेंब घालून गेले. इंजेक्शन महाग आहे. कसं परवडतं असं लोक विचारतात. अर्धं उत्तर ऑफिसचा विमा आणि अर्धं उत्तर, मी दुसरं फारसं काही घेत नाही.

परळहून परत येताना बसमध्ये नाना तिकिटाच्या घड्या घालत होते. लालबागचा स्टॉप आला तेव्हा म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी थंड पाण्याने उगाच अंघोळ केली."

मला हसू आवरलं नाही. त्यांनाही आवरलं नाही. बसमधल्या एका बाईंनी आमच्याकडे वळून बघितलं.

गादी गेली, उशी गेली, नव्या गादीला माइट रोखणारा अभ्रा आला, चादरी दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात जायला लागल्या. आणि पंधरवड्यातून एकदा नाना माझा दंड हातात धरायला लागले. लहानपणापासून ते मला जवळ घेताना आधी स्वतःचे हात हुंगून बघत. आता नुसतेच धरत. टोचून झाल्यावरही थोडा वेळ धरून ठेवत, कापूस दाबायचं निमित्त करून. ते वर्ष आमचं फार सुखाचं गेलं.

तरी मी दुकानात येण्याचा विषय निघाला नाही. दाराबाहेर शर्ट काढणंही थांबलं नाही. गॅदरिंगचा हंगाम होता, म्हणून त्या शेवटच्या रविवारीही ते दुपारी दुकानात जायला निघाले. मी लिफ्टपर्यंत गेले. मी पण येते, एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या हातात डबा होता आणि ते वाघाच्या शेपटीविषयी बोलत होते. मनात आलं, अजून दोन-चार इंजेक्शनं होऊ देत, ते निर्धास्त होतील, मग. लिफ्ट आली.

तेराव्यानंतर नानांच्या फोनवर शिवडीच्या एका शाळेतून श्रेया मॅडमचा फोन आला. त्यांना कळलं होतं. चाचरत म्हणाल्या, "गॅदरिंग शुक्रवारी आहे. मावळ्यांचे पोशाख नानांकडे सांगितले होते. तुम्हाला जमणार नसेल तर आम्ही तयार फेटे आणतो. फक्त मुलांना सांगून ठेवलंय की फेटे नाना बांधणार."

"मी येते," मी म्हणाले.

विनीत ठाण्याहून आला होता. तो म्हणाला, "ताई, वेडी आहेस का? उभ्या आयुष्यात आत गेली नाहीस. आधीच कमी त्रास झालाय? मी जाऊन पोशाख पोचवतो."

"तुला फेटा बांधता येतो?"

"यूट्यूबवर बघेन."

"मग राहू दे."

मी मास्क लावला, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला आणि शटर वर केलं. पायरीवरून मला अर्धंच दुकान दिसायचं हे तेव्हा कळलं. उरलेलं अर्धं डाव्या हाताला होतं. तिथे राजांचे अंगरखे उलटे करून, अस्तर बाहेर, रांगेने टांगलेले होते, म्हणजे मखमलीला मखमल घासू नये. त्यामुळे सगळे राजे गरीब दिसत होते. मी एकेक सुलटा करून बघितला. मग बाराबंद्या मोजल्या, फेट्याची कापडं काढून झटकली.

खाजेची वाट बघायची मला जुनी सवय आहे. ती येण्याआधी मी तिला ओळखते. मानेवर थोडं चुणचुणलं, मी हात मागे ठेवून उभी राहिले, आणि ते विरलं. घरी येऊन अंघोळ केली, गरम पाण्याने. सकाळी कोपरं बघितली. काही नव्हतं.

शुक्रवारी शाळेत मुलं रांगेत बसली होती. पहिल्या मुलाने विचारलं, "नाना कुठेत?"

"नाना नाहीत आता. मी त्यांची मुलगी."

"तुम्हाला येतो फेटा?"

"बघ आता."

"टाइट होतोय."

"टाइटच हवा. लढाईला चाललास ना?"

"नाही, डान्सला."

"मग तर अजून टाइट."

हात आपोआप चालत होते. शेवटचा पदर खोचताना मी मुलाचं डोकं किंचित मागे ढकलून बघायचे, नाना बघत तसं. एक मुलगी म्हणाली, मला परी नको, मलाही फेटा. तिलाही बांधला. पुढच्या वर्षी कोणत्या दिवशी याल, एवढं श्रेया मॅडमनी जाता जाता विचारलं, आणि मी उरलेल्या कापडांच्या घड्या घालायला लागले.

तेराव्याच्या गडबडीत आठवडाभर लांबलेलं इंजेक्शन त्या रविवारी मी स्वतः घेतलं. स्वतःच्या दंडाला नीट टोचता येत नाही, म्हणून मांडीला. सुई तिरकी, दट्ट्या सावकाश. जमलं. मग कापूस दाबून मी बराच वेळ बसून राहिले.

पुढच्या आठवड्यात विनीत दादरच्या एका माणसाला दुकानात घेऊन आला. स्वप्नील नाव, मालिकांना कपडे पुरवतो. मला तो आवडला. त्याने बूट बाहेर काढले, अंगरख्याला हात लावण्याआधी रुमालाने हात पुसले.

"ताई, माल एक नंबर आहे," तो म्हणाला. "ही मखमल आता मिळतच नाही. नानांनी जपलंय पण काय. मी सगळंच उचलतो. वाघासकट."

"वाघाची शेपटी तुटकी आहे," विनीत म्हणाला.

"असू दे, ती लावून घेऊ." स्वप्नील हसला. "जागेचं तुम्ही नंतर ठरवा. दुकान असंच बंद ठेवलं तर कसर लागेल, एवढंच सांगतो."

विनीत माझ्याकडे वळला. तो काळजीनेच बोलत होता, त्याच्या आवाजात नानांची काळजी होती. "ताई, माझं म्हणशील तर देऊन टाकू. मला यातलं काही नको, तुला माहीत आहे. आणि तुला तर नानांनी जन्मभर इथून लांब ठेवलं. तुला कशाला हवंय हे?"

स्वप्नील अंगरखे न्याहाळण्याचं निमित्त करून दुसरीकडे बघायला लागला. मी नानांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. बाहेर वाडीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"मला हवंय," मी म्हणाले. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "लहानपणापासून हवं होतं, विनीत. तू आत जायचास आणि मी पायरीवर उभी राहायचे, तेव्हापासून. नानांना हे मी कधी बोलले नाही. हे दुकान मला हवंय."