उतरणीच्या आधी

रिस्तेनने स्नोमोबाइलच्या इंजिनाचा प्लग खोलून तळहातावर घेतला आणि ती उजेडाकडे वळली. टोक काळं होतं, ओलसर.

"काय म्हणतंय?" योव्नाने विचारलं. तिचा हा धाकटा भाऊ कॉफीचा पेला घेऊन शेडच्या दारात टेकून उभा होता.

"पेट्रोल पोटभर पितंय."

"ताई, तू इंजिन चालवत नाहीयेस, बाळंतपण करतेयस."

"नवीन पिस्टन आहेत. रिंगा बसायला वेळ लागतो."

"मी पहिल्याच दिवशी तळ्यावर नेऊन पिळतो. टिकलं तर टिकलं."

"म्हणून तर तुझ्या शेडमागे तीन इंजिनं गंजत पडलीत."

योव्ना हसला, पण पेला संपवून जाताना बोलायचं ते बोललाच. "परवा पहाटे कळप हलवायचा. तोवर मला या गाडीचा भरवसा वाटला नाही, तर तू माझ्या घसरगाडीवर बसायचं. आइलाबरोबर. वाद नको."

आइला त्याची बायको. योव्नाच्या गाडीमागे ओढल्या जाणाऱ्या घसरगाडीवर ती, भांडी, तंबू आणि सरपण असे. वडील थकल्यापासून कळपाच्या पुढे रिस्तेन जात आली होती. तिच्या स्नोमोबाइलला दोर, दोराला गब्बा नावाचा पांढरा रेनडिअर बैल, बैलाच्या गळ्यात घंटा आणि घंटेमागे सगळे रेनडिअर, हिवाळ्याच्या पठारावरून थेट समुद्रकाठच्या गवतापर्यंत. ती अठ्ठावन्न वर्षांची होती. एकदा घसरगाडीवर बसलेलं माणूस पुन्हा पुढे जात नाही, हे तिने वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं.

योव्नाच्या बोलण्याला कारण होतं. जानेवारीत पठारावर हवा मऊ पडली, प्लग सारखे ओले होऊ लागले, तेव्हा तिने कार्ब्युरेटरमध्ये लहान जेट घातलं. लहान जेट म्हणजे लहान छिद्र, कमी पेट्रोल. पठारावर ते बरोबरच होतं. पण स्वच्छ, वारा नसलेल्या दिवशी थंडी खाली उतरते आणि नदीच्या पात्रात साचून राहते. वर उणे आठ असेल तर खाली उणे तीस. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. हे तिला पाठ होतं. तरी घरी पोचायच्या घाईत ती तशीच उतरली. नदीच्या दुसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज एकदम सुरेख झाला, हलका, भरधाव. आणि मग ते थांबलं. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. ती चालत घरी आली, पण थंडीने डाव्या पायाची दोन बोटं गेली.

सिलिंडर किनाऱ्यावरच्या कारखान्यातून घासून आणले. बाकीची जुळणी तिने भावाच्या स्वयंपाकघरात केली, कारण तेवढी ऊब दुसरीकडे नव्हती.

"वन्सं," आइला म्हणाली होती, "रश्श्यात काही कडक लागलं तर ते हाड समजू की नट?"

"नट असला तर परत दे. मोजून आणलेत."

आता ती ठरल्याप्रमाणे करत होती. पेट्रोलमध्ये नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल, आणि मोठं जेट. थोडं पळवायचं, पण एकाच वेगाने नाही. रेस द्यायची, सोडायची. मग बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं. इंजिन गार झाल्यावर तिने वरचे नट पुन्हा आवळले. दोन थोडे सैल निघाले. तिने ते कुणाला सांगितलं नाही. ते निघणारच होते, त्यासाठीच तर तपासायचं.

निघायच्या आदल्या दिवशी सगळे पठारावरच्या तळावर आले. रिस्तेन तिच्याच गाडीवर आली, सर्वांत शेवटी. वर हवा पुन्हा मऊ होती, प्लग भिजू लागले, म्हणून तिने दोन्ही सिलिंडरसाठी एक माप लहान जेटं घातली. मोठी जेटं तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून डबी आतल्या खिशात ठेवली.

सकाळी योव्नाने घसरगाडी भरली आणि मागच्या बाजूला रेनडिअरचं कातडं अंथरलं. दोघींना पुरेल एवढं. रिस्तेनने ते पाहिलं आणि गब्बाला चारा घालायला गेली. योव्ना कळप गोळा करायला पठाराच्या पलीकडे निघून गेला.

त्याचा फोन आला तेव्हा तो धापा टाकत होता. "ताई, चाळीसएक माद्या कळपातून फुटल्यात. गाभण आहेत. नदीकडे उतरल्या. मी इकडून हललो तर बाकीचाही कळप जाईल."

"कुठल्या बाजूने?"

"दुसरं वळण. पुढे धबधब्यापाशी बर्फ पातळ आहे. पळव गाडी."

रिस्तेनने गब्बाचा दोर गाडीला बांधला.

"बैल कशाला घेतेयस?" फोनमधून घंटा ऐकू गेली असावी. "तो काय धावणार?"

"गाडीलाही जास्त धावायचं नाहीये," ती म्हणाली.

पठाराच्या काठावर ती थांबली. खाली नदीवर निळसर धुकं सपाट पसरलं होतं. वारा नव्हता. काठावर झुकून तिने श्वास घेतला तेव्हा नाकातले केस ताठ झाले. दूर, वळणाच्या अलीकडे, माद्यांचे करडे ठिपके हळूहळू सरकत होते.

तिने इंजिन बंद केलं आणि डबी काढली.

हातमोजे घालून जेट बसत नाही. उघड्या बोटांवर पेट्रोल सांडलं, आणि थंडीत ते चटक्यासारखं लागतं. पहिलं बसलं. दुसरं बर्फात पडलं. ती गुडघ्यांवर बसली, शोधून काढलं, तोंडात धरून ऊब दिली, पुसलं. फोन वाजला.

"पोचलीस?"

"नाही. जेट बदलतेय."

"ताई, त्या बुडतील गं."

"वाटेत गाडी बंद पडली तर नक्की बुडतील," ती म्हणाली आणि दुसरं जेट आवळलं.

उतारावर तिने रेसच्या खटक्यावरचा अंगठा मोकळा ठेवला. थोडी रेस, मग सोडायची, पुन्हा थोडी. मागे गब्बा आपल्या चालीने दुडकत होता. दुसऱ्या वळणावर थंडी गालांना भिडली. तिचे कान इंजिनाकडे होते. त्या दिवशीचा तो सुरेख आवाज यायला नको होता. इंजिन जाड, घोगऱ्या आवाजात चालत राहिलं. जानेवारीत गाडी बंद पडली ती जागा मागे गेली.

माद्या धबधब्याच्या वरच्या अंगाला उभ्या होत्या. कुणी पाठलाग करत नव्हतं, म्हणून त्याही पळत नव्हत्या. रिस्तेनने लांबून, किनाऱ्याच्या जाड बर्फावरून मोठा वळसा घेतला आणि पाठ फिरवून परत निघाली, गब्बा चालेल तेवढ्याच वेगाने. मागे पाहिलं नाही. घंटा वाजत राहिली. मग घंटेमागे खुरांची टकटक सुरू झाली, आधी एकदोघींची, नंतर सगळ्यांची.

चढण इंजिनावर भार टाकणारी होती. वर पोचताच तिने रेस चालू असतानाच ते बंद केलं, म्हणजे प्लगवर खरा रंग राहतो. योव्ना कळपाला वळसा घालून तिथे आला तेव्हा ती प्लग खोलत होती. आइलाही तळावरून चालत आली.

रिस्तेनने प्लग त्याच्या तळहातावर ठेवला. अजून गरम होता. टोकाचा रंग दुधाच्या कॉफीसारखा होता, म्हणजे पेट्रोल ना कमी, ना जास्त.

त्याने तो बोटांत फिरवला. बराच वेळ पाहिला.

"दुसरा?"

"तोही तसाच."

"तुमची बोटं बघू," आइला म्हणाली. "पांढरी पडलीत, वन्सं." तिने रिस्तेनचे दोन्ही हात आपल्या कोटात ओढून घेतले.

योव्नाने प्लग परत दिला नाही. स्वतःच वाकून बसवला, हाताने, मग पान्याने, बेताने. मग घसरगाडीकडे गेला, मागचं कातडं अर्धं दुमडलं आणि मोकळ्या जागेवर कॉफीची किटली आणि मोठं पातेलं बांधलं.

"ताई," तो तिकडूनच म्हणाला, मागे न वळता, "पुढे थांबणार असशील तर मागच्यांना आधी सांग. तू थांबलीस की आम्हाला कळत नाही."

"गार व्हायला थांबेन. अजून एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत तरी."

"थांब की. कळपालाही चरायला मिळेल."

ऊन वर आलं तेव्हा ते निघाले. सर्वांत पुढे रिस्तेन, मग दोर, मग पांढरा बैल, आणि त्यामागे करडी, तपकिरी पाठींची रुंद होत गेलेली रांग. तिने रेस दिली आणि सोडली. गब्बाची चाल किंचित मंदावली, मागची घंटा मंदावली, आणि पठारभर पसरलेला कळप तिच्या अंगठ्याबरोबर हळू झाला, मग पुन्हा चालू लागला.